गाभा कसा मोडतो, हे आधी पाहावे : फोमच्या सहा लांब तलवारींचे प्रकरण

फोमच्या शस्त्रांनी लढण्याच्या आमच्या खेळात, सरावाच्या शेवटच्या फेरीत एका खेळाडूने मारलेला अगदी साधा, वरून खाली येणारा वार समोरच्याच्या ढालीच्या काठावर बसला, आणि तरीही तो तिथे थांबला नाही. तलवारीचा ढालीपलीकडे राहिलेला वीतभर भाग काठावरून पुढे लवला आणि ढाल धरणाऱ्याच्या खांद्यामागे सपकन लागला. दुखापत मोठी नव्हती. एक लांबट लाल वळ उठला आणि दोन दिवसांत निवळला. परंतु ज्याला तो लागला त्याने ती तलवार हातात घेऊन हवेत दोनदा झटकली आणि तो म्हणाला, “हे पाते नाही, चाबूक आहे.” त्याच संध्याकाळी शस्त्रे आवरताना मी सवयीने दुसऱ्या एका तलवारीचे टोक अंगठ्याने दाबून पाहिले, तेव्हा कापडाच्या अगदी खाली, जिथे चार बोटे फोम असायला हवा होता तिथे, पाईपची गोल कड हाताला लागली.

एकाच दिवशी दिसलेले हे दोन दोष वेगवेगळे होते, पण दोन्हींचे मूळ आतल्या गाभ्यात, म्हणजे फोमच्या आत असलेल्या ताठ पाईपमध्ये, होते. त्या प्रकारच्या सहाही तलवारी आम्ही बाजूला काढल्या, त्यांतल्या तीन उभ्या चिरून पाहिल्या, आणि पुढचे काही आठवडे नव्या गाभ्याचा शोध घेतला. काय सापडले, कोणता पर्याय का घेतला आणि कोणता का सोडला, याची ही नोंद आहे. घरी फोमची शस्त्रे बनवणाऱ्या कोणाही गटापुढे हाच प्रश्न केव्हा ना केव्हा येतो, म्हणून ती जरा सविस्तर लिहितो आहे.

मूळ बांधणी

या तलवारींची एकूण लांबी १०५ सेंटिमीटर होती. त्यांतली २५ सेंटिमीटर मूठ आणि ८० सेंटिमीटर पाते. गाभा म्हणून नळकामातला राखाडी पीव्हीसी पाईप वापरला होता, बाहेरचा व्यास २० मिलिमीटर आणि भिंतीची जाडी २ मिलिमीटर. त्याभोवती क्लोज्ड सेल पॉलिइथिलीन फोम, म्हणजे ज्यातले हवेचे बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात असा फोम, कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्हने चिकटवून वर कापडी खोळ चढवली होती. पात्याची रुंदी ६० मिलिमीटर होती, म्हणजे वार करणाऱ्या प्रत्येक धारेकडे गाभ्यापलीकडे २० मिलिमीटर फोम होता.

पीव्हीसी निवडण्याचे कारण सरळ होते. तो कुठेही मिळतो, साध्या हॅक्सॉने कापता येतो, सरळ असतो, आणि आमची पहिली आखूड शस्त्रे त्यावरच बनली होती व ती उत्तम चालली होती. आखूड शस्त्रात जे चालले ते लांब शस्त्रातही चालेल, असे आम्ही गृहीत धरले. पुढचे सारे प्रकरण या एका गृहीतकातून उभे राहिले.

चिरून पाहिल्यावर

पहिली तलवार टोकाकडून उघडली. पाईपचे तोंड उघडेच होते. त्यावर फक्त टेपचे दोन वेढे होते आणि तेही फाटले होते. प्रत्येक भोसकीच्या वेळी पाईपची पातळ कड पुढच्या फोमवर दाबली जात होती, आणि करंजीच्या कातण्याने पारी कापावी तसा तिने फोम कापत नेला होता. पाईपच्या पोकळीत फोमच्या तीन गोल चकत्या एकावर एक अडकलेल्या सापडल्या, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढ्या, कडा अगदी स्वच्छ कापलेल्या. पाच सेंटिमीटरचे टोक झिजत झिजत जेमतेम एक सेंटिमीटर उरले होते आणि बाहेरून त्याचा पत्ताही लागत नव्हता, कारण खोळ जशीच्या तशी ताणलेली होती. हा दोष पदार्थाचा नव्हे, आमच्या बांधणीचा होता. गाभा कोणताही असो, त्याचे तोंड बंद करून त्यावर त्याच्यापेक्षा रुंद अशी टणक पण न टोचणारी चकती बसवल्याखेरीज त्यापुढे फोम लावू नये, हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते.

दुसऱ्या तलवारीत मूठ संपून पाते सुरू होते तिथे पाईपवर पांढरट पट्टे उमटलेले होते. राखाडी पीव्हीसी त्याच्या सोसण्यापलीकडे वाकवला की तो जागच्या जागी पांढुरका पडतो; हा पुढच्या तड्याचा पूर्वसंकेत असतो. तिथेच एक बारीक तडा पाईपच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला वेढून गेला होता आणि त्याचे एक टोक एका भोकात जाऊन मिळत होते. मनगटाची दोरी ओवण्यासाठी ते भोक आम्हीच पाडले होते. वार बसताना वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो तो हाताच्या पकडीच्या लगेच पुढे, आणि नेमक्या त्याच जागी आम्ही ड्रिल चालवले होते. भोकाच्या कडेला ताण कित्येक पटींनी एकवटतो, मग तडा तिथूनच सुरू होणार.

यावर आमच्यात बराच वाद झाला. भोक पाडले नसते तर पाईप टिकला असता, मग गाभा बदलण्याचे कारण काय, असे काही जणांचे म्हणणे होते. त्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु सहांपैकी दोन तलवारींना भोक नव्हते, त्यांचे पाईप अखंड होते, आणि तरीही त्या बाकीच्या चारांइतक्याच लवत होत्या. भोकामुळे तडा का गेला ते कळत होते. पण ढालीवरून वाकून गेलेल्या त्या वाराचा उलगडा भोकाने होत नव्हता.

तिसऱ्या तलवारीत आणखी एक गोष्ट दिसली. एका धारेकडचा फोम दबून निर्जीव झाला होता आणि दुसऱ्या धारेकडचा जवळपास नव्यासारखा होता. पाईप दोन-तीन मिलिमीटर मध्यातून सरकलेला होता, आणि मुठीच्या आकारामुळे जो तो ती तलवार एकाच बाजूने धरत होता. हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे गाभा बारीक केल्यावर हीच अडचण नव्या रूपाने परत आली.

लवण्याचा हिशोब

एका टोकाला घट्ट धरलेली काठी दुसऱ्या टोकाच्या भाराने किती लवते, हे तीन गोष्टींवर ठरते : पदार्थ मुळात किती ताठ आहे, काठीचा छेद, म्हणजे आडव्या कापाचा आकार, कसा आहे, आणि मोकळी लांबी किती आहे. यांतली लांबी घनाच्या प्रमाणात बोलते. मोकळी लांबी दुप्पट झाली की लवणे आठपट होते. आमचे आखूड शस्त्र ४० सेंटिमीटर पात्याचे होते आणि तलवार ८० सेंटिमीटर पात्याची. म्हणजे तोच पाईप तलवारीत आठपट लवत होता. आखूड शस्त्रात मिळालेला चांगला अनुभव लांब शस्त्राबद्दल काहीच सांगत नव्हता, हे या एका आकड्यावरून लक्षात यायला हवे होते.

छेदाच्या बाबतीत व्यासाचा चौथा घात कामाला येतो. म्हणून तेवढेच वजन भरीव सळईत घालण्यापेक्षा जरा मोठ्या व्यासाच्या नळीत घातले तर ताठपणा कितीतरी जास्त मिळतो. पदार्थाचा स्वतःचा ताठपणा पाहिला तर कडक पीव्हीसी सुमारे ३ गिगापास्कल (हे ताठपणा मोजण्याचे एकक; आकडा जितका मोठा तितका पदार्थ ताठ), उभ्या धाग्यांचे फायबरग्लास धाग्यांच्या प्रमाणानुसार साधारण २५ ते ४०, चांगला वाळलेला बांबू १० ते २० आणि कार्बन फायबरची नळी १०० च्या आसपास किंवा त्याहून वर असते.

हे आकडे घेऊन आम्ही आधी कागदावर हिशोब केला आणि मग तो पडताळून पाहिला. मुठीचा भाग टेबलाला दोन क्लॅम्पने आवळायचा, ८० सेंटिमीटरवर अर्धा किलो वजन टांगायचे, आणि टोक किती खाली आले ते पट्टीने मोजायचे. नुसता पीव्हीसी पाईप जवळपास ६ सेंटिमीटर खाली आला. तोच पाईप दुपारभर उन्हात ठेवून तापल्यावर मोजला तर साडेसातपर्यंत गेला. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसजवळ पुरता मऊ पडतो, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून त्याचा ताठपणा ढळू लागतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेली तलवार मैदानावर अधिक चाबकासारखी का वागते, याचे उत्तर आम्हाला इथे मिळाले. १० मिलिमीटरची भरीव फायबरग्लास सळई साडेचार सेंटिमीटर लवली. १४ मिलिमीटर बाहेरचा आणि १० मिलिमीटर आतला व्यास असलेली फायबरग्लासची नळी दोन सेंटिमीटरांहून किंचित जास्त लवली. १२ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर भिंतीची कार्बन नळी दीड सेंटिमीटरच्या आसपास राहिली. पीव्हीसीइतक्याच जाडीचा बांबूचा तुकडा एक सेंटिमीटरही लवला नाही.

वजनाची बाजूही पाहिली पाहिजे. पीव्हीसी पाईपचे वजन मीटरला सुमारे १६० ग्रॅम, फायबरग्लास नळीचे सुमारे १४५ ग्रॅम, बांबूचेही जवळपास तेवढेच, आणि कार्बन नळीचे अवघे ५५ ग्रॅम. म्हणजे पीव्हीसीऐवजी फायबरग्लास नळी घेतली तर वजन किंचित घटून ताठपणा जवळजवळ तिप्पट होत होता. इथपर्यंतचा हिशोब पाहिला तर कोणीही बांबू किंवा कार्बन उचलला असता.

मोडून पाहणे

मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी, आणि घरगुती बांधणीत ती बहुधा गाळली जाते. गाभा किती जोर सोसतो हे सगळे विचारतात. तो अखेर मोडेल तेव्हा कसा मोडेल, हे फार थोडे विचारतात. खेळात शस्त्र कधी ना कधी मोडतेच, आणि ते मोडते ते रिकाम्या हवेत नव्हे, तर जोराचा वार चालू असताना, समोर माणूस असताना. तेव्हा फोमच्या आत एक टोकदार वस्तू तयार होते की आतल्या आत लोंबणारी एक मऊ गाठ, यावर दुखापत ठरते. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक तलवारबाजी स्पर्धेत व्लादिमिर स्मिरनोव हा १९८० चा ऑलिम्पिक विजेता प्राणाला मुकला, तो प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडून त्याचा तुटका भाग मुखजाळीतून आत गेल्यामुळे. त्यानंतर मुखजाळी, पोशाख आणि पात्याचे पोलाद यांचे नियम कडक झाले आणि मॅरेजिंग पोलाद या खास मिश्रधातूची पाती रूढ झाली, कारण त्या पोलादात तडा सावकाश वाढतो. आमचा खेळ फोमचा असला तरी प्रश्न तोच आहे.

प्रत्येक पदार्थाचा अर्धा मीटर तुकडा जाड गोधडीत गुंडाळून, डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि हातांत जाड मोजे घालून, आम्ही तो दोन आधारांवर ठेवून मोडेपर्यंत वाकवला. मग गोधडी उलगडून आत काय उरले ते पाहिले.

सामान्य तापमानाचा पीव्हीसी पाईप आधी चेपला, मग एका बाजूने फाटला. दोन्ही भाग एकमेकांना लटकून राहिले. हा मोडण्याचा प्रकार बरा. परंतु रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेला तसाच पाईप एका झटक्यात फुटला आणि त्याचे काचेसारखे तिरक्या धारेचे तुकडे झाले. थंडीत हा पदार्थ ठिसूळ होतो आणि उन्हात बराच काळ राहिल्याने त्याचा वरचा थरही ठिसूळ होत जातो, हे लक्षात घेतले तर जुना पाईप गार पहाटे कसा वागेल याची खात्री देता येत नाही.

फायबरग्लासची सळई कडकड आवाज करत सावकाश हरली. तिचे धागे सुटून केरसुणीसारखा झुपका झाला, पण ती तुटून वेगळी झाली नाही. नळी वाकवताना आधाराच्या जागी तिला उभी चीर गेली, कारण सरळ ओढून काढलेल्या नळीत बहुतेक धागे लांबीच्या दिशेने असतात आणि आडव्या दाबाला तिची भिंत कमजोर पडते. तीसुद्धा लटकूनच राहिली. मात्र चिरेच्या कडेला बारीक कुसळे होती, आणि मोजे असूनही एकाच्या मनगटात त्यांतली दोन शिरली. ती काढायला चिमटा आणि भिंग लागले.

कार्बन नळीने काहीच पूर्वसूचना दिली नाही. ती एकदम कट्‌कन तुटली आणि हातात दोन वेगळे तुकडे उरले, दोन्हींची टोके सुयांच्या गड्डीसारखी. इतकी हलकी आणि ताठ नळी पाहून आम्ही सगळेच हरखलो होतो. गोधडी उलगडल्यावर कोणी काही बोलले नाही. कार्बनवर आडव्या धाग्यांचा वेढा देऊन अनुभवी कारागीर चांगली शस्त्रे बनवतात, हे मला मान्य आहे. पण आमची शस्त्रे सामायिक आहेत, नवशिके ती जमिनीवर आपटतात, आणि कार्बनला एखाद्या टणक कडेचा मुका मार बसला की आत इजा होऊनही बाहेर काही दिसत नाही. शिवाय अतिशय हलकी तलवार नवा खेळाडू प्रमाणाबाहेर वेगाने फिरवतो, आणि वाराची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. या दोन्ही कारणांनी कार्बन बाद झाला.

बांबू पेराजवळून उभा फाटला. तुकडे वेगळे झाले नाहीत, पण फाटलेल्या कामटीची पाठीकडची, हिरव्या सालीची कड सुरीसारखी धारदार होती. केंडो या जपानी तलवारबाजीतली सरावाची तलवार, शिनाई, बांबूच्या चार पट्ट्यांची असते आणि सरावाआधी प्रत्येक पट्टीची कुसळे तपासण्याची शिस्त असते, ती उगीच नव्हे. तिथे पट्ट्या उघड्या डोळ्यांना दिसतात. आमच्या तलवारीत बांबू फोमखाली लपलेला असतो.

वेताबद्दल थोडक्यात सांगतो. वेत आतून भरीव असतो आणि मोडताना त्याचे धागे कुंचल्यासारखे पसरतात, टोकदार फाळ निघत नाही. १९६६ मध्ये सुरू झालेल्या, मध्ययुगीन युरोपातले जीवन हौसेने पुन्हा उभे करणाऱ्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझमच्या चिलखती लढाईत वेताचीच शस्त्रे रूढ झाली, त्यामागे हा गुण आहे. मोडण्याच्या कसोटीवर तो आमच्याकडे पहिला आला असता. पण फोमखाली घालण्याइतक्या बारीक व्यासात, आमच्या लांबीला, तो पीव्हीसीपेक्षा फारसा ताठ भरला नाही आणि वजनाने मात्र जास्त होता.

कोणीतरी पीव्हीसी पाईपच्या पोकळीत लाकडी गोल दांडा ठोकून बसवण्याचा मार्ग सुचवला. हिशोबाने ताठपणा तिपटीहून वाढतो, त्यामुळे हा मार्ग मोहात पाडतो. आम्ही एक तुकडा तसा करून मोडला. बाहेरून पाईप फक्त पांढुरका पडला होता. आत लाकूड तिरके फाटून त्याचा हातभर लांब, भाल्यासारखा सुळका तयार झाला होता. मोडल्याचे बाहेर कळू न देणारा गाभा हा आमच्या मते सर्वांत वाईट. या खेळाच्या अनेक नियमावल्यांमध्ये लाकूड आणि धातू गाभा म्हणून का चालत नाहीत, हे तो तुकडा हातात घेतल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

निर्णय आणि नवी बांधणी

लांब तलवारीसाठी आम्ही १४ मिलिमीटरची फायबरग्लास नळी घेतली. ताठपणात ती पहिली नव्हती आणि मोडण्यातही पहिली नव्हती. पण मोडताना ती आवाज करते, लटकून राहते, आणि तिचा जो दोष आहे, म्हणजे उभी चीर आणि कुसळे, त्यावर बांधणीत उपाय करता येतो. कार्बनच्या अचानक तुटण्यावर किंवा लपलेल्या लाकडाच्या सुळक्यावर तसा सोपा उपाय आमच्या हाती नव्हता.

उपाय असा. नळीला पॉलिश पेपर मारून तिच्यावर संपूर्ण लांबीभर धागे असलेली स्ट्रॅपिंग टेप तिरक्या वेढ्यांनी, एक थर उजवीकडून आणि एक डावीकडून, गुंडाळली. उभ्या धाग्यांच्या नळीला जो आडवा आवळ मुळात नसतो तो या वेढ्यांनी मिळतो, आणि चीर गेलीच तर कुसळे टेपखाली राहतात. कापताना कापायच्या जागी आधी टेप लावली, ओले फडके धरले आणि तोंडाला मास्क बांधला, कारण काचेच्या धाग्यांची धूळ घशाला आणि कातडीला फार त्रास देते. दोन्ही तोंडांत दोन-दोन सेंटिमीटर इपॉक्सी, म्हणजे वाळून टणक होणारी राळ, भरले. टोकाकडे त्यावर तीन सेंटिमीटर व्यासाची रबरी चकती, तिच्यावर चामड्याचा तुकडा, आणि मग पुढचा फोम. मुठीत कुठेही भोक पाडले नाही. मनगटाची दोरी वेढ्यांखाली दाबून घेतली.

आखूड शस्त्रांत पीव्हीसी तसाच ठेवला. ४० सेंटिमीटरला अर्ध्या किलोने तो पाऊण सेंटिमीटर लवतो; तिथे बदल करण्याचे कारण नव्हते. फक्त त्यांची तोंडे बंद केली आणि कडाक्याच्या थंडीत ती वापरायची नाहीत असे ठरवले.

भाल्याचा प्रश्न मात्र नीट सुटला नाही. दोन मीटर लांबीच्या भाल्याची मोकळी लांबी दीड मीटर धरली तर तीच १४ मिलिमीटरची नळी अर्ध्या किलोला १४ सेंटिमीटर लवते. म्हणजे पुन्हा चाबूकच. २५ मिलिमीटरची फायबरग्लास नळी ताठ होती, पण दोन मीटरला तिचे वजन पाऊण किलोजवळ जात होते, आणि एवढे वजन घेऊन येणारी भोसक मला नको होती. शेवटी भाल्यांसाठी आम्ही बांबू घेतला : पूर्ण वाळलेला, सरळ, पेरे तासून सपाट केलेला, आणि टोकापासून बुडापर्यंत स्ट्रॅपिंग टेपने दोनदा वेढलेला. भाल्यावर मुख्य भार लांबीच्या दिशेने येतो, तलवारीसारखे आडवे फटके कमी बसतात, असे या निवडीचे समर्थन आहे. ते मला अर्धेच पटते, कारण गर्दीत भाल्यावरही तलवारी आदळतातच. म्हणून दर सरावाआधी भाला जमिनीवर हलकेच ठोकून ऐकायचा नियम केला. अखंड बांबू टणक, भरीव आवाज देतो. आत फाटलेला बांबू खडखडतो, आणि एकदा तो खडखड ऐकू आला की कान पुन्हा फसत नाही.

बारीक गाभ्याची किंमत

नव्या तलवारी पहिल्या दिवसापासून वेगळ्या वाटल्या. ढालीवर बसलेला वार ढालीवर राहिला. गाभा २० ऐवजी १४ मिलिमीटर झाल्याने त्याच ६० मिलिमीटर रुंदीत प्रत्येक धारेला तीन मिलिमीटर फोमही जास्त मिळाला, त्यामुळे मार आणखी सौम्य होईल अशी आमची अपेक्षा होती. पाच-सहा आठवड्यांनंतर मात्र दोन तलवारींबद्दल तक्रार आली की त्या ‘लागतात’. धार दोन बोटांत चिमटून पाहिली तर मधोमध नळी चटकन हाताला येत होती.

कारण कळल्यावर सोपे वाटले. वाराचा जोर गाभ्याकडून फोमकडे जातो तो गाभ्याच्या रुंदीतून. रुंदी जवळपास एक तृतीयांशाने कमी झाली की तोच जोर कमी जागेवर येतो आणि दाब त्या प्रमाणात वाढतो. शिवाय ताठ गाभा स्वतः लवून जोर पचवत नाही, सगळा फोमवर टाकतो. लवणारा पीव्हीसी फोमला जपत होता आणि समोरच्याच्या खांद्यावर जात होता. ताठ नळी खांद्याला जपत होती आणि फोम कातरत होती. गाभा बदलला तर फोमची रचनाही बदलावी लागते, हे आम्ही पाहिलेच नव्हते.

दुरुस्तीत नळीच्या दोन्ही धारांकडे आधी ६ मिलिमीटर जाडीचा, जरा टणक असा ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्यांत असतो तसा रबरी फोम) चिकटवला, आणि त्याची पट्टी नळीपेक्षा दुप्पट रुंद ठेवली, म्हणजे जोर पसरून पुढच्या मऊ थरावर जावा. बाहेर पूर्वीचाच पॉलिइथिलीन फोम. नळी मध्यावर राहावी म्हणून मधल्या थरात तिच्या मापाची खाच कापून ती तिथे बसवली. मुठीवर दोन्ही बाजूंना सारखीच गुंडाळी केली, त्यामुळे तलवार उलटसुलट कशीही धरली जाते आणि दोन्ही धारा सारख्या झिजतात.

त्यानंतर एक पूर्ण हंगाम गेला. शेवटच्या सरावानंतर सहांपैकी सर्वांत जास्त वापरलेली तलवार आम्ही मुद्दाम चिरली. टोकाची रबरी चकती जागेवर होती, तिच्यापुढचा फोम पाचवरून साडेचार सेंटिमीटरवर आला होता. टणक थरावर नळीची उथळ खूण उमटली होती, पण तो कापला गेला नव्हता. मुठीपुढे टेपच्या वेढ्याखाली नळीवर एक नखभर लांबीची उभी चीर सापडली. वेढा सोडवेपर्यंत ती कोणाला जाणवलीही नव्हती, आणि टेपच्या आतल्या बाजूला काचेची चार-पाच कुसळे चिकटलेली होती. बाकीच्या पाच तलवारींचे मुठीजवळचे वेढे त्याच आठवड्यात उलगडून पाहिले. चार अखंड निघाल्या, पाचवीची नळी बदलली. तीन भाल्यांपैकी दोन खडखडले म्हणून बाद केले आहेत. तिसरा अजून टणक वाजतो, पण त्याच्या जागी काय घालायचे याचे तुकडे आता पुन्हा गोधडीत गुंडाळून ठेवले आहेत.